‘ती’ की ‘तिने’, आधी एवढं विचारा

प्रश्न : बाई, मी मांद्रेच्या एका छोट्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून एकदम इंग्रजी. बोलायला मी घाबरत नाही, पण क्रियापदांत घोळ होतो. परवा आमच्या मॅनेजर मॅडम म्हापशाच्या बाजाराला गेल्या होत्या. एका पाहुण्याला मी मेसेज केला, ‘मॅडम हॅज बीन टू म्हापसा.’ तो लगेच त्यांना भेटायला खाली येऊन बसला आणि तासभर ताटकळला. दुसऱ्या दिवशी स्विमिंग पूलशेजारी आडव्या झालेल्या पाहुणीबद्दल मी ‘शी इज लेइंग देअर’ म्हटलं, तर नवीन आलेला सहकारी सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, ‘अंडं घालतेय का?’ त्याचं इंग्रजी फाडफाड आहे. कालच त्याने ग्रुपवर टाकलं, ‘आय हॅव इन्फॉर्म्ड यू येस्टरडे’, त्यावर कुणी काही बोललं नाही. मी व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचा तक्ता पुन्हा पाठ करायला घेतलाय, पण लाय, ले, लेड, लेन डोक्यात ठरत नाहीत. काय करू?
– मांद्रेची एक वाचक

उत्तर : तक्ता तूर्तास मिटून ठेवा. त्यात चूक काही नाही, पण तो फक्त रूपं सांगतो. दोन सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांतलं कुठलं उचलायचं, हे तक्त्याला ठाऊक नसतं, आणि तुमची गाडी अडते ती नेमकी तिथेच. याचं निम्मं उत्तर तुम्ही शाळेत जायच्या आधी, घरात बोलता बोलताच शिकून बसला आहात.

‘ती झोपली’ असं आपण म्हणतो आणि ‘तिने बाळाला झोपवलं’ असं म्हणतो. ‘तिने झोपली’ असं चार वर्षांचं पोरही म्हणत नाही. कोंकणीतही तेच, ‘तो उठलो’ पण ‘ताणें उठयलो’. क्रिया स्वतःपुरती असली की ‘ती’, दुसऱ्या कुणावर किंवा कशावर केली की ‘तिने’. उठणे-उठवणे, बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आपल्याकडे ढिगाने आहेत आणि कुठे ‘ने’ लावायचा हे आपण थांबून ठरवत नाही, ते कानच ठरवतो. इंग्रजीत अशा जोड्या मोजक्याच उरल्यात. लाय म्हणजे आडवं होणं आणि ले म्हणजे ठेवणं, ही त्यातली सगळ्यात बदनाम जोडी.

तेव्हा अडलात की वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणा, भूतकाळात म्हणा, आणि कर्त्याच्या जागी ‘ती’ घाला. ‘मी’ नको. ‘मी झोपले’ आणि ‘मी झोपवलं’ या दोन्हींत मी आपला मीच राहतो, त्याच्याकडून काही कळत नाही. ‘ती’ मात्र लगेच चुगली करते.

आता तुमची पाहुणी. ती पूलशेजारी आडवी झाली. ‘ने’ आला नाही, म्हणजे लाय. चालू काळात ‘शी इज लाइंग बाय द पूल’. काउंटरवर चावी आहे. ती तिथे पडली, ‘ने’ नाही, म्हणून ‘द की इज लाइंग ऑन द काउंटर’. पण वेटरने टेबल मांडलं, तिने चादर अंथरली, कोंबडीने अंडं घातलं, इथे सगळीकडे ‘ने’ आहे आणि काय मांडलं, काय अंथरलं, काय घातलं हेही समोर आहे. हे ले. तुमच्या सहकाऱ्याचा विनोद घासून गुळगुळीत झालेला आहे, पण त्याचं मूळ इथे आहे. ‘लेइंग’ म्हटलं की ऐकणारा पुढे ‘काय?’ याची वाट पाहतो, आणि पुढे काही आलंच नाही तर बिचाऱ्याला कोंबडी आठवते.

इथपर्यंत सरळ आहे. पुढे मात्र इंग्रजीने एक खोडी करून ठेवलीय, आणि तुमचं डोकं फिरतं ते तिच्यामुळे. लायचा भूतकाळ होतो ‘ले’. दिसायला अगदी दुसऱ्या क्रियापदासारखाच. म्हणजे ‘येस्टरडे शी ले बाय द पूल’ हे शुद्ध, आणि त्यात अंड्याचा काही संबंध नाही. जोडीतल्या ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’. त्याचं स्पेलिंग एल-ए-आय-डी, मध्ये वाय घालून लिहितात ते चूक. पाठ करायचंच असेल तर अख्ख्या तक्त्यातल्या एवढ्या दोन ओळी करा: आडवं होणं म्हणजे लाय, ले, लेन, ठेवणं म्हणजे ले, लेड, लेड. चिठ्ठी करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, पाहुण्यांना दिसत नाही. ‘लेन’ची गरज वर्षाकाठी एकदा पडली तर पडली.

आणि हो, ‘लाइड’ या रूपापासून सांभाळा. खोटं बोलणं हेही लायच, पण त्याचा भूतकाळ लाइड. ‘आय लाइड ऑन द बेड’ म्हणजे मी पलंगावर बसून थापा मारल्या.

एक गोष्ट मन हलकं करायला सांगते. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते लोकही बोलताना या जोडीत सर्रास घसरतात. ‘लेइंग ऑन द बीच’ तुम्हाला इंग्लंड-अमेरिकेच्या पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकू येईल. बोलण्यात ते खपतं. लिहिण्यात, खास करून हॉटेलच्या नावाने लिहिताना, खटकतं. आणि अगदीच सुचेनासं झालं तर वळसा घाला. ‘शी इज रेस्टिंग बाय द पूल.’ ‘द की इज ऑन द काउंटर.’ कोण तुमची परीक्षा घेतंय? चावी मिळाल्याशी कारण.

राइझ आणि रेझ ही जोडी तुमच्या धंद्यात रोजची, विशेषतः डिसेंबर जवळ आला की. दर वाढले: ‘रेट्स रोझ’, किंवा ‘हॅव रिझन’. मालकाने दर वाढवले: ‘द ओनर रेझ्ड द रेट्स’. व्याकरणाच्या पलीकडचं एक निरीक्षण सांगायचा मोह आवरत नाही. हॉटेलवाल्यांना, पेट्रोलवाल्यांना आणि सरकारांना राइझ फार आवडतं. दर आपोआप वाढतात, सूर्यासारखे. वाढवणारा कुणी नसतोच. मराठीतही ‘दर वाढले’ म्हणून आपण तेच करतो. तुम्हाला पाहुण्याला ईमेल लिहायची असेल तर ‘वी हॅव रेझ्ड अवर रेट्स’ हे जास्त प्रामाणिक वाटतं आणि पुढचा वादही कमी होतो, असं माझं मत. मालकाचं मत वेगळं असू शकेल.

सिट-सेटचंही तसंच. पाहुणी बसली, ‘सॅट’. तिने बॅग खाली ठेवली, ‘सेट इट डाउन’. चवथीला गणपती बसतात आणि आपण ते बसवतो, यातला फरक ज्याला कळतो त्याला सिट-सेट वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त सूर्याला वगळा. तो मावळला, ‘ने’ नाही, तरी इंग्रजीत ‘द सन सेट’. दही लागतं, सिमेंट धरतं, तिथेही सेटच. अपवाद एवढेच नाहीत, पण रिसेप्शनवर एवढे पुरतात.

या जोड्या इंग्रजीत आल्या कुठून, हे बघितलं तर गंमत वाटेल. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच सोय होती: मूळ क्रियापदाचा आतला स्वर बदलायचा आणि ‘करायला लावणे’ हा अर्थ काढायचा. लाय-ले, सिट-सेट ही त्याचीच उरलीसुरली चिल्लीपिल्ली. रेझ तेवढं बाहेरून, उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलं. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे हेही त्याच घराण्यातलं. गोव्यात झाड पाडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. त्या इंग्रजी कागदपत्रांत ‘फेलिंग’ असतं, ते हेच. नापास होण्याशी त्याचा संबंध नाही. सगळ्यात मजेची जोडी पिणे-पाजणे. ड्रिंक म्हणजे पिणे, आणि ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे. आज ड्रेंच म्हटलं की पावसात चिंब भिजणं आठवतं, पण गुरांच्या डॉक्टरांच्या इंग्रजीत गाईबैलांना तोंडावाटे औषध पाजणं म्हणजे अजूनही ड्रेंचच.

पण म्हणून प्रत्येक मराठी जोडीला इंग्रजी जोडी शोधत बसू नका. ग्लास फुटला आणि ग्लास फोडला, दोन्ही ‘ब्रोक’. दार उघडलं ते आपोआप की कुणी, ‘ओपन्ड’. दूध उकळलं की तिने उकळवलं, ‘बॉइल्ड’. इंग्रजीने बहुतेक ठिकाणी हा भेद कधीच सोडून दिलाय. वेगळी रूपं हवीत ती मोजक्याच क्रियापदांना, आणि रोजच्या वापरातली बहुतेक वर येऊन गेली. आणखी दोन घ्या. ती शिकली, तिने शिकवलं: लर्न आणि टीच. तिला आठवलं, तिने आठवण करून दिली: रिमेंबर आणि रिमाइंड. ‘प्लीज रिमेंबर मी टू कॉल द टॅक्सी’ असं तुम्ही लिहिलं तर पाहुणा गोंधळेल. तिथे रिमाइंड.

आता मॅडम आणि म्हापसा. ही चूक तुमची हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामुळे एका माणसाचा तास गेला. सुधारायला मात्र ती सगळ्यात सोपी आहे. मॅडम शुक्रवारच्या बाजाराला गेल्यात, अजून तिथेच आहेत: ‘हॅज गॉन टू’. बाजाराला जाऊन आल्यात, मयडेची केळी टेबलावर आहेत: ‘हॅज बीन टू’. गेल्यात म्हणजे गॉन, जाऊन आल्यात म्हणजे बीन. तुमच्या पाहुण्याने अगदी बरोबर अर्थ घेतला, मॅडम परतल्या असं समजूनच तो खाली आला. एकच जागा जपायची. ‘दूधसागरला कधी गेलायत का?’ असं आपण विचारतो तेव्हा मराठीत ‘गेलायत’ असतं, पण माणूस समोर उभा आहे, म्हणजे गेला असला तरी आलाय. म्हणून ‘हॅव यू एव्हर बीन टू दूधसागर?’ समोरच्या माणसाला ‘हॅव यू गॉन’ विचारलं तरी तो समजून घेईल, पण बीन बरं.

इथपर्यंत मराठीने हात दिला. आता ती जिथे तोंडघशी पाडते ते सांगते. माझ्या मते तुमच्यासारख्यांच्या खऱ्या चुका इथे होतात, लाय-लेमध्ये नव्हे.

आपण म्हणतो, ‘मी काल म्हापशाला गेले होते.’ त्यातलं ‘होते’ बघून बोट आपसूक ‘हॅड’कडे जातं, आणि लिहिलं जातं ‘आय हॅड गॉन टू म्हापसा येस्टरडे.’ चूक. इंग्रजीला इथे साधं ‘वेंट’ पुरतं. हॅड हवा असतो तो एका जुन्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगताना. मी धक्क्यावर पोचले तेव्हा चोडणची फेरी सुटली होती: ‘व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट.’ दोन घटना आहेत, सुटणं आधी आणि पोचणं नंतर, म्हणून हॅड. घटना एकच असेल तर हॅडला दारातूनच परत पाठवा.

‘मी इथे २०२१ पासून काम करते.’ मराठीत वर्तमानकाळ, आणि त्यावरून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०२१.’ भारतभर हे वाक्य अर्जांत आणि बायोडेटात दिसतं. इंग्रजीला मागून आजपर्यंत चालत आलेल्या कामासाठी ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. सुरुवात कधी ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर: ‘सिन्स २०२१’, ‘फॉर फोर इयर्स’. ‘सिन्स फोर इयर्स’ नाही.

तुमच्या सहकाऱ्याचं वाक्यही असंच मराठीतून आलेलं. ‘मी तुम्हाला काल कळवलंय’ हे आपल्याकडे अगदी सहज, म्हणून त्याला वाटलं ‘आय हॅव इन्फॉर्म्ड यू येस्टरडे’ चालेल. चालत नाही. हॅव आलं की ती गोष्ट आत्ताशी जोडलेली राहते, मग तिच्या गळ्यात संपून गेलेल्या दिवसाचं नाव बांधता येत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, इन २०२३, ॲट टेन ओ’क्लॉक यांतलं काही वाक्यात दिसलं की साधा भूतकाळ: ‘आय इन्फॉर्म्ड यू येस्टरडे.’ वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव इन्फॉर्म्ड यू’ उत्तम. म्हणजे फाडफाड बोलणाऱ्याचंही पान फाटतं.

डिडचा घोळ तुमच्या पत्रात नाही, पण मराठी शाळेतून आलेल्या बऱ्याच जणांचा तो असतो, म्हणून सांगून टाकते. ‘तुम्ही जेवलात का?’ यात भूतकाळ क्रियापदाच्या अंगावर आहे. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की तो भूतकाळ डिड घेऊन जातो आणि पुढचं क्रियापद शब्दकोशात असतं तसं कोरं राहतं. ‘डिड यू रिसीव्ह’, ‘वी डिडन्ट रिसीव्ह’. ‘डिडन्ट रिसीव्ड’ लिहिलं की एकाच वाक्यात दोनदा भूतकाळ झाला. डझचंही तसंच: ‘शी डझन्ट हॅव’, हॅज नाही.

‘आय ॲम हॅविंग टू रूम्स’ मात्र मराठीच्या माथी मारता येणार नाही. आपण ‘माझ्याकडे दोन खोल्या आहेत’ म्हणतो, ‘असत आहेत’ म्हणत नाही. जवळ असण्याला साधं ‘आय हॅव’. खाण्यापिण्याला हॅविंग बिनधास्त: ‘दे आर हॅविंग ब्रेकफास्ट’. ‘मला कळत नाहीये’ वरून येणारं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ मात्र आपलंच लेकरू. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणा.

राहिलेलं भराभर. लूझ म्हणजे हरवणे, त्यात ओ एकच. लूस म्हणजे सैल, त्यात दोन. पाटीवर ‘डोन्ट लूस युवर की’ असेल तर आजच बदला. उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. पाहुणा छत्री मागतो तेव्हा तो बॉरो करतो आणि तुम्ही लेंड करता. टॉवेल टांगला तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. हॉटेलात पहिलंच लागेल अशी आशा आहे. आणि काउंटर सोडून आत जाताना आपण ‘आलेच हं’ म्हणतो, त्याचं ‘आय ॲम कमिंग’ करू नका. पाहुण्याला तुम्ही पाठ फिरवून लांब जाताना दिसता आणि तोंडाने येते म्हणता. ‘आय विल बी राइट बॅक’ म्हणा.

बोलताना हे सगळं एकदम सांभाळायला जाल तर जीभ अडेल. तसं करू नका. मोरजी-आश्वेकडे येणाऱ्या रशियन पाहुण्यांची तरी कुठे इंग्रजी मातृभाषा आहे? समोरासमोर अर्थ पोचतो, हात, चेहरा, खिडकीबाहेरचं बोट सगळं मदतीला असतं. मेसेजमध्ये यातलं काही नसतं, म्हणून पाठवण्याआधी फक्त क्रियापदांवरून एकदा नजर फिरवा. सुरुवातीला गॉन-बीन आणि येस्टरडे या दोनच गोष्टी तपासा, कारण पाहुण्याचा वेळ किंवा पैसे जातील ते यांच्यामुळे. पूलशेजारी कुणी लाय केलं काय आणि ले केलं काय, कुणाचं विमान चुकत नाही.

सहकाऱ्याचं म्हणाल, तर सगळ्यांसमोर हसला हे वाईटच केलं, आणि ते त्याला चहाच्या वेळी, दोघंच असताना, स्वच्छ मराठीत सांगा: चूक दाखव, पण काउंटरवर नको. त्याच चहात त्याच्या येस्टरडेबद्दलही सांगता येईल. ऐकलं तर दोघांचं बरं होईल. नाही ऐकलं, तर त्याचं येस्टरडे त्याला लखलाभ. ग्रुपवर त्याची चूक काढायला जाऊ नका, तिथे मालकही आहेत.